दत्तू कंडक्टर बसत नाही

दत्तू वेखंडे बसत नाही. म्हणजे अजिबात बसत नाही. शहापुरात त्याच्या आणि माझ्या घराची भिंतीला भिंत आहे, आम्ही एका शाळेतले, आणि गेली कित्येक वर्षं मी या माणसाला खुर्चीला टेकलेला पाहिलेला नाही. सकाळचा चहा उभ्याने. जेवण ओट्याला पाठ लावून उभ्याने. केस कापायला गेला की न्हावी बिचारा स्टुलावर चढतो आणि हा आरशासमोर उभा. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी फारच "बसा ना, बसा ना" केलं, तेव्हा हा खेकसला, "बसायला मी काय पॅशिंजर हाय?" व्याही अजून विचारतात, ते तापट गृहस्थ कोण होते म्हणून.

दत्तू कंडक्टर आहे. शहापूर-मुरबाड एसटीच्या लाल गाडीवर त्याचा उभा जन्म गेला. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात बॅग, कशालाही न धरता, गाडी कितीही उसळली तरी पाय फाकवून हा आपला खांबासारखा. माणसं तो नावाने ओळखत नाही, थांब्याने ओळखतो. माझी बायको त्याच्या लेखी 'किन्हवली', कारण तिचं माहेर तिथलं. मी मेडिकल स्टोअर चालवतो म्हणून मी 'मेडिकल'. देवळात आरतीला उभा राहिला तरी मागून आवाज येतो, "पुढं सरका, आत जागा हाय." एकदा तर एका मयताला तिरडी उचलली आणि याने सवयीने जिभेने "टिंग टिंग" केलं. खांदेकरी निघाले, हे वेगळं.

हे टिंग टिंग नीट समजून घ्या, कारण पुढे त्याच्यावरच माझं ब्लडप्रेशर चढणार आहे. गाडीच्या छताला दोरी असते. कंडक्टरने ती एकदा ओढली की ड्रायव्हरने थांबायचं, दोनदा ओढली की निघायचं. दत्तूने दोरी ओढायची आणि बारकूने गाडी हलवायची. बारकू निचिते हा शेणवे गावचा, दत्तूचा ड्रायव्हर. तो पुढे केबिनमध्ये, हा मागच्या दाराशी, मधे अख्खी गाडी माणसांनी आणि कोंबड्यांनी भरलेली. पण बारकूने ब्रेक दाबला की दत्तूला तळपायात कळायचं, पुढे म्हैस आहे की पोलीस. दत्तूची बायको सुशीलावहिनी म्हणायची, "माझ्याशी बोलला नसंल तेवढा त्या बारकूभावजींशी घंटा वाजवून बोलला हा माणूस."

गेल्या उन्हाळ्यात बारकूला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पाय हळूहळू आला. हात आला नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की हात हलवत राहा, सुरुवातीचे महिनेच कामाचे, नंतर आखडला की आखडला. त्याच्या गोळ्या माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळे मला सगळं ठाऊक. बारकूने हात हलवला नाही. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. स्टिअरिंग धरणारा हात मांडीवर ठेवून तो पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा, आणि महिने चालले होते.

इकडे दत्तूला एकही ड्रायव्हर पटेना. "यांचा ब्रेक मला कळत नाय, मेडिकल," एवढंच म्हणायचा. त्यात उभं राहून राहून पायाच्या शिरा गाठी गाठीने फुगलेल्या. शेवटी साहेबांनी त्याला गाडीवरून काढून चौकशीच्या खिडकीत दिलं. खिडकीत खुर्ची होती. हा खुर्चीच्या शेजारी उभा राहिला. खिडकी बुटकी, त्यामुळे बाहेरच्यांना फक्त त्याचं पोट दिसायचं आणि लोक पोटाला विचारायचे, मुरबाड कधी.

अशातच एके दिवशी तो सरळगावच्या पुढे कुणाच्या तरी कामाला गेला. तिथे एका फार्महाऊसवाल्याने लाल मातीचा ट्रॅक केलाय. उंचवटे, खळगे, भिंतीसारखी चढलेली वळणं, आणि त्यावर बीएमएक्स सायकलींच्या शर्यती. बारकी चाकं, मडगार्ड नाही, ब्रेक एकच. तिथल्या कोच तन्वी मॅडम पोरांवर ओरडत होत्या, "सीटवर टेकायचं नाही. अख्खी फेरी उभ्याने मारायची." संध्याकाळी दत्तू माझ्या काउंटरशी आला तेव्हा त्याचा चेहरा लग्न ठरलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मेडिकल, अशी सायकल निघालीय, जिच्यावर बसायचंच नसतं."

पन्नाशी ओलांडलेला माणूस. मी त्याला शिरांबद्दल सांगितलं, हाडांबद्दल सांगितलं, खुब्याच्या ऑपरेशनचं तर रंगवून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, एक क्रेप बँडेज मागितलं आणि गेला.

तोल त्याचा उत्तम निघाला, तन्वी मॅडमसुद्धा तोंडात बोट घालून बघत राहिल्या. खोट एकच. तो मागे बघायचा. प्रत्येक वळणावर मान गर्रकन मागे, आणि पुढच्या क्षणी हा मातीत.

"काका, मागे कोण आहे?" मॅडम विचारायच्या.

"मागचं दार. कोण लोंबकळतंय का बघतो."

गुडघे गेले, कोपर सोलून निघालं, एकदा हनुवटीला टाके पडले. माझ्या दुकानातला कापूस, टिंक्चर आणि चिकटपट्टी त्या दिवसांत जेवढी खपली तेवढी उभ्या दिवाळीत खपत नाही. सुशीलावहिनी दुकानात येऊन मला दम देऊन गेली, "भावजी, त्याला काय झालं ना, तर मी पोराबाळांना घेऊन तुमच्याकडं जेवायला येईन." मी काय केलं होतं? पण आपल्याकडे पट्टी बांधणारा गुन्हेगार असतो.

आता मला वाटत होतं, हे सगळं न बसण्याचं वेड. एका रविवारी बारकूच्या गोळ्या द्यायला मी स्कूटरवरून शेणव्याला गेलो आणि माझा तो समज अंगणातच उतरला.

पडवीच्या वाशाला एक पितळेची घंटा टांगली होती. तिला नायलॉनची दोरी, आणि दोरीचं टोक बारकूच्या उजव्या हातापाशी. समोर अंगणात दत्तू सायकलवर उभा. दोन्ही पाय पेडलवर, पुढचं चाक पायरीला टेकवलेलं. शर्यतीत असंच असतं म्हणे, चाक लोखंडी फाटकाला टेकवून दोन्ही पाय वर घेऊन उभं राहायचं आणि फाटक पडलं की सुटायचं. दत्तू हलत नव्हता. बारकू भिंतीकडे बघत होता. मला माझ्याच हातातल्या गोळ्यांची पिशवी वाजू द्यायची भीती वाटायला लागली.

"दर आयतवारी असाच उभा ऱ्हातो," बारकूची बायको यशोदा दारातून हळू म्हणाली. "ह्यो घंटा देत नाय, त्यो हलत नाय."

दत्तूच्या पिंढऱ्या थरथरत होत्या, शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. शेवटी बारकूने मान वळवली. डोळ्यांत नुसता राग. वाकड्या तोंडातून एक शब्द कसाबसा काढला, "जा."

"बेल दे, जातो," दत्तू म्हणाला.

बारकूने परत भिंतीकडे तोंड फिरवलं. दत्तू आणखी बराच वेळ उभा राहिला, मग उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. चालवत नेली नाही. बेल नाही म्हणजे नाही.

फाट्यापर्यंत मी स्कूटर ढकलत त्याच्याशी भांडत गेलो. म्हटलं, आजारी माणसाचा छळ मांडलायस. एवढंच असेल तर दोरी डाव्या हाताशी बांध, तो बिचारा ओढेल आणि सुटेल.

"डाव्यानं ओढली का उजवा गेलाच समज," तो म्हणाला. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाला, "मेडिकल, डॉक्टर काय म्हनला? किती दिवस हायत अजून?"

मला खरं उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, आहेत अजून. तो माझ्याकडे न बघता हसला. इतकी वर्षं माणसांची खोटी हाफ तिकिटं पकडलेला माणूस तो.

भातं कापून झाली, खळ्यावरचं झोडपणं आटपलं, आणि सरळगावच्या ट्रॅकवर शर्यत ठरली. चाळिशीच्या वरच्यांचा एक गट होता. त्यात कल्याणचा एक जिमवाला, मुरबाडचे एक मास्तर, एक हॉटेलवाला, आणि दत्तू. मी अर्थात पट्ट्यांची पिशवी घेऊन हजर. बघतो तर एका गाडीतून यशोदा बारकूला उतरवत होती. तो यायला तयार नव्हता. तेव्हा तिने सांगितलं, मी दत्तूभावजींची शर्यत बघायला चालले, घराला कुलूप लावणार, तुला बाहेर बसायचं तर बस. आला.

सुरुवातीच्या उताराशेजारी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. एकीत बारकूला बसवलं. बांबूला तीच पितळेची घंटा, दोरीचं टोक उजव्या हातापाशी. मी दत्तूला गाठलं. "अरे, चार लोकांत त्याचा हात नाही हलला तर? जन्मात तो घराबाहेर पडायचा नाही."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मग उतारावर चढला, शेजारच्या जिमवाल्याला सवयीने म्हणाला, "जरा सरका पुढं," आणि चाक फाटकाला टेकवून उभा राहिला.

तयारीचा पुकारा झाला. फाटक धाडकन पडलं. तिघं सुटले. दत्तू तिथेच.

फाटक पडल्यावर पुढे नुसता उतार. ब्रेक आवळून, दोन्ही पाय पेडलवर, हा त्या उतारावर उभा. लोकांना आधी वाटलं, घाबरला. कुणी हसलं. "काका, सुटा की," पोरं ओरडायला लागली. तन्वी मॅडम धावत आल्या आणि घंटेकडे बघून जागीच थांबल्या. दत्तूने मान वळवली नाही. हातभर अंतरावर बारकू बसला होता, त्याच्याकडेही बघितलं नाही. टायर मातीत जरा जरा सरकत होतं, तोंडावरून घाम गळत होता, आणि तो फक्त समोर बघत होता.

मी बारकूकडे बघत होतो. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. खांदा एकदा वर गेला, पडला. पुन्हा गेला. मांडीवरचा हात फरपटत गुडघ्यापर्यंत आला आणि तिथून घसरला. यशोदाने पदर तोंडात धरला होता. पुन्हा तो हात निघाला. बोटं दोरीला लागली, अडकली, आणि अख्खा बारकू एका बाजूला कलंडला.

टिंग.

टाळ्या वाजल्या. आणि लगेच थांबल्या. तिथला एकूण एक माणूस लाल गाडीतून वाढलेला. एक बेल म्हणजे थांब, हे कुणाला सांगावं लागलं नाही. दत्तूने ब्रेक आणखी आवळला.

एवढ्या माणसांत नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. मला सहन होईना. माझा हात आपोआप दोरीकडे गेला, म्हटलं मीच ओढतो दुसरी आणि मिटवतो हे. यशोदाने माझं मनगट धरलं. "नको भावजी," ती म्हणाली. बारकू दातांवर दात रोवून श्वास घेत होता. दोरी त्याच्या दोन बोटांत होती. उतारावर दत्तूचं चाक घसरून आडवं व्हायला लागलं होतं.

टिंग.

दत्तू सुटला.

काय सांगू, त्या अख्ख्या फेरीत त्याने एकदाही मागे बघितलं नाही. उंचवट्यावर उसळला, वळणावर कलला, एका ठिकाणी पडता पडता सावरला, पण मान समोर. मागचं दार सांभाळायला आज माणूस होता. तो पोहोचला तेव्हा बाकीचे तिघं हेल्मेट काढून पाणी पिऊन मोकळे झाले होते. मास्तर रडत होते, ते का ते त्यांनाही माहीत नसावं.

दत्तू सायकल ढकलत वर आला. पाय उचलत नव्हते. बारकूच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "बस." लगेच जीभ चावली, म्हटलं आता खेकसणार.

तो बसला. आधी खुर्चीचा हात धरला, मग सावकाश टेकला, मग पाठही टेकवली. बारकूचा उजवा हात अजून दोरीवरच होता. दत्तूने तो सोडवून आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं एकेक करून चोळायला लागला.

"एवढी वर्सं एका गाडीवर काढली रे बारक्या," तो म्हणाला. "तू पुढं, मी मागं. शेजारी बसायचं ऱ्हाऊनच गेलं."

बारकूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला डावा हात मोकळा असूनही त्याने पुसलं नाही. मी पट्ट्यांची न उघडलेली पिशवी उचलली आणि स्कूटरकडे निघालो. स्कूटरपाशी पोहोचल्यावर वळून बघितलं, तर पुढची शर्यत लागली होती आणि ते दोघं समोर बघत बसले होते.