चंद्राबाईंचं कुटुंबकार्ड

चंद्राबाईंचा मोतीबिंदू पिकला तेव्हा तात्यांना जाऊन दोन महिने झाले होते. तात्या साखर कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या दवाखान्यात कामगारांच्या कुटुंबाची ऑपरेशनं व्हायची, म्हणून तात्यांची मुलगी शरयू त्यांना घेऊन तिथे गेली. तात्या बरोबर असताना कुणी कार्ड उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. आता कारकुनानं उघडलं.

"ह्या कोण तुमच्या?"

शरयूची आई गेल्यावर चंद्राबाई तात्यांच्या घरी राहायला आल्या, त्याला अठरा वर्षं झाली होती. लग्न काही झालं नव्हतं. शरयू त्यांना मावशी म्हणायची. पण कार्डात मावशी बसत नव्हती.

पंच्याण्णव सालची विधानसभा तोंडावर होती. मत मागायला बाळासो दारात आले, तेव्हा शरयूनं सहज ही अडचण सांगितली. संध्याकाळी त्यांची जीप रहिमतपूरभर ओरडत फिरली, "चंद्राबाईंना कार्ड मिळालंच पाहिजे!"

"अगं, माझं नाव सारा गाव घेतोय," चंद्राबाई म्हणाल्या. "डोळा ऱ्हाऊ दे, आता तोंड कुठं लपवू?"

दुसऱ्या दिवशी दुसरे उमेदवार नानासो चौकातल्या सभेत बोलले. ते कारखान्याचे चेअरमनही होते. "लगीन न्हाई, काय न्हाई, कार्ड कशाचं? ही बाई तात्यांची कुणीबी लागत न्हाई!"

शरयू सभा अर्ध्यावर सोडून घरी आली. तात्या गेले त्या दिवशी कुणी न सांगता चंद्राबाईंनी आपल्या हातानं कुंकू पुसलं होतं. ते तिनं एकटीनंच पाहिलं होतं.

नानासोंच्या पत्नी राहीबाईंनी रथसप्तमीला हळदीकुंकू ठेवलं. मतदारयादी बघून घरोघर चिठ्ठ्या गेल्या. एक 'सौ. चंद्राबाई' यांनाही आली.

"शरयू, माझं इरकल काढ."

"मावशी, जायचं नाही. कुणी काही बोललं तर?"

"बोलू दे की. त्यासाठीच चाललेय."

मांडवात दोनशे बायका होत्या. चंद्राबाई मोकळ्या कपाळानं पहिल्या रांगेत बसल्या. राहीबाई करंडा घेऊन पुढं आल्या आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"आवं, तुमास्नी कसं लावू? तुमी तर..."

"लावा की वैनी. मालक सभेत म्हणालं, मी तात्यांची कुणीबी न्हाई. मग मी विधवा कशी? लगीनच न्हाई म्हंजे मी कुमारिका. कुमारिकेला लावत्यात की कुंकू."

साठीच्या कुमारिकेकडे बघून मागच्या रांगेत रंगूबाई फसकन हसल्या. मग सगळा मांडव हसू लागला. राहीबाईंनी घाबरून बाहेर नवऱ्याला हाक मारली. "आवं, जरा हिकडं या!"

नानासो बाहेरून धावत आले. "लावून टाक की! दोनशे मतं बसल्यात हितं."

"तुमच्या मतदानाच्या तोंडावर?" राहीबाई म्हणाल्या. "आन् तुमाला काय झालं म्हंजे? तात्यांच्या बायकूला कुंकू लावायचं पाप मला नगं!"

चंद्राबाईंनी हात जोडले. "मालक, ऐकलं न्हवं? वैनी कुणाची बायकू म्हणाल्या?"

नानासोंनी दोनशे बायकांकडे पाहिलं, मग राहीबाईंकडे. राहीबाईंनी करंड्याचं झाकण लावून टाकलं होतं.

"वाण तेवढं न्या," त्या पुटपुटल्या.

"वाण नगं वैनी. कार्ड द्या."

तासाभरात मोटारसायकलवरून कारकून नवं कार्ड घेऊन आला. नानासोंनी जीपच्या बॉनेटवर ठेवून सही केली.

नानासो पडले. निकालानंतर बाळासो पेढे घेऊन आले. "मावशी, तुमचं मत कामी आलं बरं का."

"दादा, डोळं न्हवतं तवा मारलाय शिक्का. कुठं बसला कुणास ठावं."

ऑपरेशन छान झालं. पट्टी सुटल्यावर चंद्राबाईंनी आधी तात्यांचा फोटो नीट निरखला, कॉलर उसवलेली असताना फोटो काढू दिल्याबद्दल शरयूला रागावल्या आणि कार्ड तिच्यापुढं केलं. "काय लिवलंय त्येच्यावर?"

"नातं, पत्नी."

चंद्राबाईंनी फोटो हातात घेतला. मग पदरानं फोटोची काच पुसत म्हणाल्या, "अठरा वर्सं लगीन करू म्हणून मागं लागलं हुतं. मीच न्हाई म्हणत हुते. लगीन केलं की बाप्ये सकाळचा च्या करायचं सोडत्यात."

शरयूला पहाटेचा तात्यांच्या स्टोव्हचा आवाज आठवला. अठरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

"शेवटी आलं बघ तुझं तात्या निवडून," चंद्राबाई म्हणाल्या. "त्येबी बिनविरोध."