काकूंना चुकवून तिसरा मोदक

सानिका, तू आधी फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, कारण मलाच अजून सगळं नीट कळलेलं नाही, आणि तू विचारलंस की मी आणखी गोंधळणार. तू नागपूरला मामाकडे होतीस म्हणून वाचलीस.

आमच्या शौनकदादाचा तो उंदराचा ऑनलाइन गेम आठवतो ना? आपण उंदीर व्हायचं, तळघरात शिरायचं, मांजरांना चुकवून चीज पळवायचं आणि परत बिळात. कंपनीनं एकूण चाळीसच तळघरं दिलीत, ती दादानं फर्स्ट इयरलाच संपवली. मग हा बसला स्वतःचा एडिटर बनवत. म्हणजे कोणालाही आपलं आपण नवं तळघर मांडता येईल असं सॉफ्टवेअर. भिंत उचल, इथे ठेव. मांजर उचल, तिथे ठेव. कंपनीनं सांगितलेलं नाही, कोणी विचारलेलं नाही, यानं आपलं त्या गेमवरच्या प्रेमापोटी केलेलं. आठ महिने. बाबा रोज रेल्वेच्या ऑफिसातून आले की बूट काढता काढता विचारायचे, "आज किती भिंती झाल्या?" जसं काही दादा खरंच कुठे घर बांधतोय.

तर गेल्या आठवड्यात त्या कंपनीचा मेल आला. दादा पांढराफटक. कारण असले चाहत्यांनी केलेले एडिटर कंपन्या सरळ बंद करायला लावतात म्हणे. पण यांनी लिहिलं होतं की आम्ही तुझा एडिटर पाहिलाय, एक तर तो आम्ही बंद करायला सांगू, नाहीतर गेममध्येच घेऊ. अट एवढीच, की ज्याला कम्प्युटरमधलं काही कळत नाही अशा माणसानं त्यात एक लेव्हल बनवायची. ती बुधवारी पाठवायची, आणि शुक्रवारी आपल्या वेळेनं संध्याकाळी पाचपर्यंत तिला हात लावायचा नाही. लावला तर सगळं रद्द.

मी म्हटलं, मी बनवते. तर म्हणाला, "अनुजा, तू कम्प्युटर सायन्सला आहेस. तुला काही येत नसलं तरी कागदोपत्री तुला कळतंच."

मग उरली आई. आई तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या मागे रविवारच्या पंगतीचा नकाशा काढत बसली होती. आपल्या मंडळाच्या गणपतीचं जेवण. कुठे कोणती ओळ, कोण भात वाढणार, ठाकूर आचाऱ्याची कढई कुठे, सगळं. आणि खोडरबर सापडत नव्हतं. दादा म्हणाला, आई, हेच तू यात काढ ना, खोडायची कटकट नाही. आईला ते इतकं आवडलं की गॅसवरचं वरण उतू गेलं तरी ती उठली नाही. भिंतींच्या तिनं पंगती केल्या. आगीच्या खड्ड्याची कढई केली. चीजचं चित्र बदलून मोदक लावला. आणि वाढणारी माणसं हवीत म्हणून मांजरं घेतली, कारण हलणारी वस्तू तेवढीच होती.

आता दादाची चूक सांगते. त्याच्या एडिटरमध्ये प्रत्येक मांजराला नाव दिल्याशिवाय लेव्हल सेव्हच होत नाही. आईनं दिली. खरी. भातावर कुसुममावशी, पाण्यावर श्यामकांतकाका, आणि मोदकांपाशी देवयानीकाकू.

आता तू म्हणशील, तिथे काकूंशिवाय असणार तरी कोण. बरोबर आहे. सव्वीस वर्षं आख्ख्या कोलकात्यातल्या मराठी माणसांना काकूंच्याच हातचे उकडीचे मोदक मिळतायत. पानावर दोन. तिसरा मागितला की काकू काही बोलत नाहीत, नुसतं बघतात, आणि माणूस आपोआप ताक मागतो. मंडळाचे अध्यक्षसुद्धा.

पुढे एडिटरनं विचारलं, मांजराचा वेग किती, शून्य ते दहा? आई म्हणाली, "गुडघे दुखतात रे त्यांचे. दोन टाक." राग किती? आईनं जरा विचार केला. "दहाच्या पुढे काही नाही का यात?"

दादानं बुधवारी लेव्हल पाठवून दिली. लोकांनी खेळून बघावी म्हणून चाहत्यांच्या ग्रुपवरही टाकली. इथवर ठीक होतं. पण त्याच संध्याकाळी श्यामकांतकाकांनी, ते सेक्रेटरी ना, मंडळाच्या व्हॉट्सॲपवर विचारलं की पंगतीचा नकाशा झाला का. आणि आईनं लिंक टाकली. खाली लिहिलं, सर्वांनी आपापली जागा पाहून घ्यावी.

मी कॉलेजातून आले तर फोन थांबत नव्हता. सगळ्यांनी लिंक उघडलेली. उघडली की एक उंदीर येतो आणि ओळखीच्या नावांची मांजरं अंगावर धावतात. कोणालाच कळेना की रविवारी नक्की करायचंय काय. श्यामकांतकाकांचा आईला आलेला फोन मीच स्पीकरवर धरला होता.

"मीनाक्षीताई, मांडणी उत्तम आहे. फक्त मी कुठे आहे ते कळत नाही. मी उंदीर का?"

"नाही हो, तुम्ही पाण्यावर. तिसरी ओळ."

"तिथे मांजर आहे."

"हो, तेच तुम्ही."

ते म्हणाले, "बरं. आणि मला पकडायचंय कोणाला, ते रविवारी सांगणार की आधी?"

कुसुममावशींनी विचारलं की सगळ्यांनी एकाच रंगाच्या साड्या नेसायच्या का, कारण मांजरं सगळी करडी आहेत. आईनं प्रत्येकाला समजावलं की हा फक्त नकाशा आहे, आणि ज्याला ज्याला समजावलं तो जास्तच गोंधळला. मंडळातल्या अरुणकाकांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. ते रात्रभर खेळले असणार, कारण गुरुवारी सकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, केळीच्या पानांच्या गठ्ठ्यामागून गेलं की देवयानीकाकूंना दिसत नाही, तिसरा मोदक आरामात मिळतो, रविवारी भेटू. खाली एकोणचाळीस अंगठे.

तिकडे जगभर वेगळंच. दादाच्या ग्रुपवर तेवीसशे लोक पंगत खेळत होते. एकानं विचारलं, काकू ही मांजराची कुठली जात? दुसऱ्यानं उत्तर दिलं, भारतातली, जड असते पण चावते. ब्राझीलच्या एका मुलानं काकूंना कसं चुकवायचं याचा व्हिडिओ टाकला. दादा खूश, कारण एडिटर एकदाही बंद पडला नव्हता. मी म्हटलं, अरे, हे काकूंना कळलं तर? तो म्हणाला, शुक्रवारी पाचनंतर कळू दे.

शुक्रवारी साडेतीनला बेल वाजली. दारात देवयानीकाकू. डमडमहून मेट्रो, बस आणि वर शेवटी ऑटो करून, त्या गुडघ्यांनी, आमच्या क्वार्टरचे दोन जिने चढून. आईनं पाणी पुढे केलं. काकू पाणी प्यायल्या, ग्लास खाली ठेवला.

"मीनाक्षी, मांजर केलंस मला."

आई म्हणाली, "काकू, ते हलणारं दुसरं काही नव्हतं त्यात."

"मांजराचं काही नाही गं. मांजर चांगली. घरची असते." मग त्या दादाकडे वळल्या. "पण माझ्या समोरून मोदक नेतात? सव्वीस वर्षांत एक माणूस नेऊ शकला नाही. आणि काल तो अरुण मला फोनवर विचारतो, काकू, पानांचा गठ्ठा यंदा कुठे ठेवणार?"

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की माझा वेग दोन आहे म्हणे, त्या दोनाचे दहा कर, आत्ता, माझ्यासमोर. नाहीतर रविवारी मोदक करायला दुसरी कोणी शोधा. दादानं अट सांगितली, पाचपर्यंत हात लावला तर आठ महिने पाण्यात. काकू म्हणाल्या, "एक आकडा बदलायला तुला आठ महिने लागतात?"

दोघंही बरोबर, सांग ना. इकडे दादाचा एडिटर, तिकडे आख्ख्या मंडळाचे मोदक. घड्याळात पावणेचार. आई कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात गेली ती चहा टाकायला, आणि चहात साखरेऐवजी मीठ घालून आली. काकू तोही प्यायल्या, इतक्या त्या रागात होत्या.

मग दादाला काय सुचलं कोण जाणे. त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "काकू, तुम्हीच न्या बरं एक मोदक. तुम्ही स्वतः खात्री करा."

काकूंनी आधी नाही म्हटलं. मग पदर खोचला. आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरलेला, उंदीर भिंतीला नाक घासत उभा राहायचा आणि पडद्यावरच्या काकू सावकाश येऊन त्याला धरायच्या. एकदा, दोनदा, पाचदा. मी मोजलं, सतरा वेळा. आणि दर वेळी धरलं की खऱ्या काकू खुलत गेल्या. "बघितलंस? आली. सोडत नाही मेली." पाचला पाच कमी असताना त्यांनी माऊस ठेवला, पाठीला उशी घेतली. "अरुण खोटं बोलतो. कोणाची टाप नाही. राहू दे तुझं दोन ते दोन."

आईनं नवा चहा टाकला, या वेळी साखर चाखून. दादा माझ्याकडे बघून हसला, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

आणि पाच वाजता मेल आला. टीव्हीवरच उघडला, कारण जोडलेलंच होतं ना. दादानं घाईनं वायर काढली, पण काकूंनी आपलं नाव वाचलं होतं. एवढंच मोठ्या अक्षरात होतं, बाकी बारीक.

आता मेलमध्ये काय होतं ते ऐक. एडिटर त्यांनी घेतला, दादाचं नाव गेममध्ये येणार. आणि पंगत ही लेव्हल ते सगळ्यात पहिली ठेवणार, अगदी नवशिक्यांसाठी. कारण, असं लिहिलं होतं, देवयानीकाकू हे आजवरचं सगळ्यात सहज फसणारं मांजर आहे, चार वर्षांचं मूलही हिच्या समोरून मोदक नेईल, कृपया हिच्यात कधीच काही बदल करू नका.

काकू म्हणाल्या, "वाचायचा चष्मा घरी राहिला. काय म्हणतायत माझ्याबद्दल, मोठ्यानं वाच रे."

दादानं आईकडे बघितलं. आईनं, रविवारच्या मोदकांसाठी म्हणून कोपऱ्यात ठेवलेल्या तांदळाच्या पिठाच्या पिशव्यांकडे बघितलं. मग दादानं लॅपटॉप उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"अनुजा वाचेल. तिचं इंग्लिश चांगलं आहे."

काकू माझ्याकडे वळून बसल्या, हात मांडीवर, सतरा वेळा जिंकल्यासारख्या. खरं सांग सानिका, तू काय वाचलं असतंस?