टॉवेलाखालचा भाव

आमच्या शेजारचे बापू भाव तोंडानं बोलत नाहीत. नारळवाला असो की इस्त्रीवाला, खांद्यावरचा टॉवेल त्याच्या हातावर टाकतात आणि खाली त्याची बोटं दाबतात. विश्रांतवाडीच्या चौकात एक रिक्षावाला तर हात सोडवून घेऊन गिऱ्हाईक न घेताच पळाला होता.

बापूंची मार्केट यार्डात गुळाची अडत होती. जुन्या काळी तिथे त्यांचे सौदे असेच व्हायचे. कापडाखाली हातात हात, धरली तितकी बोटं हा भाव, शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता नाही. ती पद्धत कधीच बंद पडली. बापूंच्या उजव्या हाताला मात्र हे कुणी कळवलेलं नाही.

मी हडपसरची नोकरी सोडून घरी बसून एक ॲप बनवलं. कुंड्यांना पाणी कधी घालायचं, याची आठवण करून देणारं. ॲप झालं, पण किंमत ठरेना. फुकट द्यावं तर खायचं काय, महाग करावं तर घेणार कोण? नाही चाललं तर पुन्हा जुन्या साहेबांपुढे हात जोडून उभं राहायचं, या विचारानं माझी झोप उडाली होती.

"बापूंना विचार की," बायको म्हणाली. "तेवढाच त्यांच्या टॉवेलला उद्योग."

बापूंनी ॲप नीट बघितलं, मान डोलावली, टॉवेल टाकला आणि माझी चार बोटं गच्च धरली.

"चार?" मी ओरडलो.

"अहो, बोंबलताय काय! गावाला कळंल ना."

चार म्हणजे चारशे, असं समजून मी ॲप बाजारात सोडलं. आठवडाभरात गिऱ्हाईक आलं एक. मी रडकुंडीला येऊन बापूंचं दार वाजवलं.

"चाळीस म्हणलो होतो मी," बापू शांतपणे म्हणाले. "पाण्याची आठवण करून द्यायचे चारशे? तेवढ्यात माळी येऊन पाणी घालून जाईल."

"मग शून्यं किती, ते सांगायचं नाही का?"

"शून्याला बोट नसतं, साहेब. ते मालाकडं बघून समजायचं असतं."

"ॲपवर चारशे लावलेले तुम्ही बघितले होते? मग बोलला का नाहीत?"

"आपल्या माणसानं बाजारात भाव मांडला की नाक मुरडू न्हाय. भवानी मीच केली."

माझं एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणजे बापू! त्यांच्या घरात एकही कुंडी नाही. पैसे परत देतो म्हटलं, तर सौदा मोडतो म्हणून माझ्यावरच चिडले.

घरी येऊन मी किंमत चाळीस केली. आता ॲपखाली चारशेवर काट आणि शेजारी चाळीस दिसू लागले. एवढी सवलत दिसल्यावर पुण्यातला माणूस थांबतो होय? ज्यांच्या घरात तुळससुद्धा नाही, त्यांनीही ॲप घेतलं. हडपसरच्या साहेबांनीही घेतलं. मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला आणि नोकरीचा विषय संपला.

आता किंमत बदलायचं काही कारण नाही. तरी दर रविवारी बापू टॉवेल घेऊन हजर. "सवलतीचं बघू या जरा," म्हणतात आणि बसतात. मीही हात पुढे करतो.

गेल्या रविवारी लक्षात आलं की बापू बोटं दाबतच नाहीयेत. नुसता माझा हात धरून बसलेत. या हातात जन्मभर रोज कुणाचा ना कुणाचा हात असायचा. यार्ड सुटलं, मग घरच्या काकूही गेल्या. मी बोटांकडे लक्ष देणं सोडून दिलं.

"ठरली का सवलत?" आतून बायकोनं विचारलं. "चहा टाकू?"

"टाक. पण आमचं अजून जमलेलं नाही," मी म्हणालो.

"आज काय जमायचं न्हाय," बापू म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."

चहा आला, तरी त्यांनी हात काही सोडला नाही. मी डाव्या हातानं प्यायलो.