अण्णांच्या फोनला विचारलंय

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बालाजीने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वडिलांचं व्हिडिओ चॅनेल उघडलं आणि भाकरीचा घास हातातच राहिला. पूर्णेकडच्या कुणा शेतकऱ्याने विचारलं होतं, 'मोटार नुसती गुणगुणायलीय, फिरना. काय करावं?' खाली उत्तर होतं, 'कपॅसिटर बघा. आधी मेन स्विच पाडा. जेवले नसाल तर जेवून घ्या, मग हात लावा.' उत्तरावर नाव होतं, आश्रुबा मोटारवाले. उत्तर कालचं होतं. आणि आश्रुबांना, म्हणजे बालाजीच्या अण्णांना, जाऊन तीन महिने झाले होते.

बालाजीने डबा झाकून ठेवला. कपॅसिटरचं कुणीही सांगेल, पण जेवून घ्या म्हणणारा माणूस अख्ख्या जिंतूर तालुक्यात एकच होता. जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देता देता अण्णांनी तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगितलं होतं. शेवटच्या दोन वर्षांत त्यांना व्हिडिओ करायचा नाद लागला. एक्केचाळीस व्हिडिओ झाले आणि एके दिवशी अण्णा दुकानातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेले.

बालाजीने मागची उत्तरं चाळली. तेराव्यानंतर सतरा उत्तरं दिलेली होती. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग त्याने स्वतःला समजावलं, की आपण शिकलेले आहोत, नोकरदार आहोत, तेव्हा हे भूत नसून चोर आहे. कुणीतरी अण्णांचं खातं ढापलंय. पण चोराच्या विचाराने त्याला भुतापेक्षा जास्त धडकी भरली. आज उत्तरं देतोय, उद्या व्हिडिओ पुसून टाकील. आणि माय रोज दिवेलागणीला फोन कानाशी धरून अण्णांचा आवाज ऐकत बसायची. तो आवाज आणखी कुठेही साठवलेला नव्हता. माणूस एकदा गेला ते तिने सोसलं, आवाजही गेला तर ती काय करील, हे त्याला मनात आणवेना. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही आणि आजच्या आज पासवर्ड बदलायचा, असं त्याने ठरवलं.

जुना पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. विसरलो म्हणून दाबलं तर पडद्यावर अक्षरं आली, 'आम्ही आश्रुबांच्या फोनवर विचारलं आहे, हे तुम्हीच आहात का?'

बालाजीने कपाळाला हात लावला. अण्णांचा फोन येलदरीच्या धरणात होता. तेराव्याला भावकीतल्या म्हाताऱ्यांनी फर्मान काढलं होतं, की ज्या वस्तूंत माणसाचा जीव अडकलेला असतो त्या घरात ठेवू नयेत. मग अण्णांचा चष्मा, टेस्टर आणि फोन एका पंच्यात बांधून ते गाठोडं त्यांचे जुने दोस्त रंगनाथकाका यांच्या हवाली केलं होतं. काका येलदरीचेच, त्यांनी ते पाण्यात सोडायचं होतं. आता पाण्याखालच्या फोनला कंपनी विचारत होती, हे तुम्हीच आहात का. बालाजीला हसूही येईना आणि रडूही येईना.

तो खिडकी बंद करणार तेवढ्यात पडदा बदलला. 'धन्यवाद. आश्रुबांच्या फोनवरून उत्तर आलं: होय, मीच.'

ऑफिसात कुणी नव्हतं. वीज होती, तरी पंखा बंद होता. तो आपणच बंद केला की आपोआप थांबला, हे बालाजीला आठवेना. त्याने नवा पासवर्ड घातला. चोराच्या बापालाही सापडू नये असा, एकवीस अक्षरांचा, मध्ये आकडे, चिन्हं, सगळा मालमसाला. तो चिठ्ठीवर उतरवून शर्टाच्या खिशात ठेवला. मग हे खातं कुठल्या कुठल्या फोनवर चालू आहे त्याची यादी आली. एक अनोळखी फोन होता, ठिकाण जिंतूर. दुसरा आश्रुबांचा फोन, ठिकाण येलदरी, आत्ता चालू. अनोळखी फोन त्याने एका झटक्यात काढून टाकला. अण्णांच्या नावावर मात्र त्याचं बोट काही केल्या पडेना. पोटच्या पोराने बापाला खात्यातून बाहेर काढायचं, हे त्याच्याने झालं नाही.

शनिवारी सकाळच्या पहिल्या एसटीने तो येलदरीला गेला. रंगनाथकाका अंगणात बाजेवर बसले होते आणि उशाशी अण्णांचा फोन चार्जिंगला लावलेला होता. बालाजीला बघून त्यांनी त्यावर टॉवेल टाकला, पण उशीर झाला होता.

"काका, हा धरणात टाकायचा होता ना?"

"टाकायलाच गेलतो रे बाबा," काका म्हणाले. "गुडघाभर पाण्यात हुबा राहिलो. चष्मा सोडला, टेस्टर सोडला. फोन सोडणार तर वाजायला लागला. आता वाजणारा फोन बुडवावा कसा? उचलला, तर कुणाची तरी मोटार जळलेली. मी म्हणलं, आश्रुबा भायेर गेलेत."

तेव्हापासून फोन वाजत होता आणि काका तेच सांगत होते. बॅलन्स टाकत होते, चार्जिंग करत होते. आश्रुबा परत कधी येणार, असं विचारलं की कळवतो म्हणायचे. दोस्त गेला, हे त्यांना कुणाला सांगवतच नव्हतं. सांगता सांगता त्यांनी फोनवरचा टॉवेल काढून घेतला.

"आन् काल ह्या फोनानं इचारलं, तुमीच हाव का. नातवानं वाचून दावलं. बटण दोनच हुते. न्हाई म्हणायला जीव झाला न्हाई."

बालाजीचा जीव भांड्यात पडला. मग उत्तरंही तुम्हीच लिहिता ना, असं त्याने विचारलं. काकांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"मला वाचाया येत न्हाई, बालाजी. मी काय लिव्हणार?"

धरणाकडून गार वारा आला. उत्तरांचं गूढ होतं तिथेच होतं. तो भीतीने म्हणा, रागाने म्हणा, काकांवर चढ्या आवाजात बोलला. आत्ता उठा आणि फोन पाण्यात टाका, हा सगळा या फोनचाच पायगुण आहे, असं तो म्हणाला. काका उठले, पायात वहाणा घातल्या आणि फोन घेऊन पाण्याच्या दिशेने चालू लागले. एसटी आली होती. खिडकीतून बालाजीला त्यांची वाकलेली पाठ तेवढी दिसली.

वाटेतली कामं उरकून तो घरी पोचला, तेव्हा दिवेलागण झाली होती. माय, म्हणजे गीताबाई, देवापुढे दिवा लावून ओसरीवर बसल्या होत्या. मांडीवर फोन होता आणि चेहरा उतरलेला होता.

"बालाजी, हे बघ की रं. कालपासून ह्यांचा आवाज यायलाय, पर मला लिहू देईना."

"काय लिहायचंय तुला?"

"शेलूचा माणूस इचारायलाय, मोटार तापून बंद पडायलीय. बेअरिंग धरलं आसल. दोन दिस झाले, वाट बघायला आसल बिचारा."

बालाजी ओसरीच्या कडेला बसला. तीस वर्षं दुकान घरालाच लागून होतं. मधली भिंत पत्र्याची होती. अण्णांनी गिऱ्हाइकाला सांगितलेला शब्द न् शब्द चुलीपुढे ऐकू यायचा, हे त्याला आज पहिल्यांदा ध्यानात आलं. यादीतला अनोळखी फोन कुणाचा होता, हेही आलं.

"माय, मला सांगायचं तरी."

"तू कवा इचारलंस?" गीताबाई म्हणाल्या. मग त्यांनी पडद्यावरून पदर फिरवला. "ह्यांनीच माझ्या फोनात चालू करून दिलतं. मी लिहिलं की वर त्यांचं नाव येतं. तेवढंच मला लय वाटतं."

बालाजी उठून आत गेला आणि कालच्या शर्टाच्या खिशात हात घातला. शर्ट धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला होता. खिशात कागदाचा टणक गोळा झाला होता. एकवीस अक्षरांतली त्याला पहिली तीन आठवली.

आता एकच वाट उरली होती. त्याने मायच्या फोनवर 'विसरलो' दाबलं. अक्षरं आली, 'आम्ही आश्रुबांच्या फोनवर विचारलं आहे, हे तुम्हीच आहात का?' बालाजी पडद्याकडे बघत राहिला. फोन पाण्यात पाठवून अर्धा दिवस झाला होता, आणि पाठवणारा तोच होता. आपण आपल्या हाताने मायच्या तोंडचं नाव काढून घेतलं होतं. गीताबाई मात्र वाट बघत बसल्या होत्या. अण्णा दुकानातून जेवायला यायचे, तेव्हा ताट वाढून बसायच्या तशा.

दिव्याची वात एकदा मोठी झाली, परत लहान झाली. पडदा बदलला.

'धन्यवाद. आश्रुबांच्या फोनवरून उत्तर आलं: होय, मीच.'

बालाजीने सात अक्षरांचा साधा पासवर्ड घातला आणि फोन मायच्या हातात दिला. रंगनाथकाकांना फोन लावून विचारावं, असं त्याच्या मनात आलं. फोन पुन्हा ऐन पाण्यात वाजला असेल, काका पुन्हा माघारी फिरले असतील, असंच असणार. त्याने नंबर काढला, जरा वेळ त्याकडे पाहिलं आणि न लावताच फोन खिशात ठेवला.

गीताबाई एका बोटाने अक्षरं जुळवत होत्या. बेअरिंगचं लिहून झाल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं.

"तू जेवलास का?"

नाही, असं बालाजी म्हणाला. त्यांनी मान हलवली आणि जेवणाचंही उत्तरात लिहून टाकलं.