पाटकरी नाना आणि तळ्याची जुनी वाट

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी तांब्याभर पाणी मागतात. अर्धं पितात, उरलेलं फरशीवर ओततात आणि कमरेवर हात ठेवून ते कुठे पळतं ते पाहत बसतात. घरातली बाई फडकं घेऊन येईपर्यंत निकाल लागलेला असतो.

"तुमनं घर मोरीकडे उतरत नही, देवघरकडे उतरस. गवंडी आंधया व्हता का?"

माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरवायला गेलो, तेव्हा नवऱ्या मुलाच्या नव्याकोऱ्या बैठकीतही नानांनी हेच केलं. ओघळ थेट मुलाच्या आईच्या पदराखालून गेला. आम्ही मेल्यासारखे झालो. नाना शांतपणे म्हणाले, "घर वाकडं शे, पन मानसं सरळ शेतस." लग्न जमलं.

नाना आमचे शेजारी. धुळ्यापासून तासाभरावर आमचं गाव. नदीवरच्या जुन्या बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि त्यावर गावाचं सगळं शिवार भिजतं. पाटाखालच्या शेतांच्या एकेका गटाला फड म्हणतात; कोणत्या फडात, कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, हे पाटकरी ठरवतो. त्यानं ठरवलं की ठरलं. त्याला कुणी का म्हणून विचारायचं नाही आणि त्यानंही कुणाला विचारायचं नाही, अशी रीत. नाना उभं आयुष्य पाटकरी होते. "पानी खोटं बोलत नही," हे त्यांचं आवडतं वाक्य. त्याचा अर्थ बहुतेक वेळा "मी खोटं बोलत नाही" असाच असतो.

मी आमच्या घरातली कॉलेजला गेलेली पहिली मुलगी. भूगोल घेतला. मॅडमनी प्रकल्प करायला सांगितला तेव्हा भीतभीत गावाचं तळं निवडलं. तळं म्हणजे साधंसुधं नाही. दोन गावांच्या शिवारात पसरलेली मोठी पाणथळ. डोंगरातून येणारा ओढा पूर्वी त्यात उतरायचा. माझ्या जन्माआधी कधीतरी नवा चर खणून ओढा परस्पर नदीत वळवला. तळ्याच्या तोंडाशी शेती झाली आणि तळं बाभळींनी भरलं. हिवाळ्यात बदकं अजूनही येतात, पण पाहुण्यांनी चुकीचं घर गाठावं तशी थोडा वेळ घुटमळून निघून जातात.

ओढा पुन्हा तळ्यात सोडायचं सरकारी काम मंजूर झालं. साहेब आले, दुर्बीण लावली, चुन्याची सरळ रेघ मारली. नाना बैलगाडीत पाण्याचा ड्रम घालून हजर.

"काका, लेव्हल काढली आहे आम्ही," साहेब म्हणाले.

"काढा ना. मी कोठे नही म्हनस?" असं म्हणत नानांनी ड्रम रेघेवर आडवा केला. पाणी दहा पावलं रेघेवरून शहाण्यासारखं गेलं आणि मग डावीकडे वळून एका कपाशीच्या पट्टीत शिरलं. साहेबांनी पुन्हा दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काका, बरोबर आहे तुमचं. ओढा इथूनच न्यावा लागेल."

पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत, कारण ती पट्टी कुणाची, हे त्यांना ठाऊक होतं. ती नानांची लेक शोभाताई हिची. नानांनीच तिच्या नावावर केलेली. दोन वर्षांपूर्वी तळ्याचा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा ग्रामसभेत उभं राहून नानांनी जाहीर केलं होतं, "शोभानी पट्टी मोकळी समजा." तिला विचारलं नव्हतं. पाटकऱ्यानं कुणाला विचारायचं असतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. शोभाताई दिलेली जळगावजवळ असोद्याला. तिला ही बातमी दुसऱ्याच कुणाकडून कळली. तिनं फोन केला आणि एवढंच म्हणाली, "नाना, मी काय तुमना फडमधलं वावर शे का?"

तेव्हापासून दोन आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, गेल्या. लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले. शोभाताई आली नाही. नानी जाऊन बरीच वर्षं झालीत. आखाजीला नाना एकटेच पुरणपोळी करून आमच्याकडे आणून द्यायचे. म्हणायचे, "जास्त झाई गई."

आता तिची सही नसेल, तर काम दुसऱ्या गावाला जाणार होतं. साहेबांनी आठ दिवस दिले. सहा दिवस नानांनी फोनला हात लावला नाही. सातव्या दिवशी माझ्याकडे आले.

"पोरी, तू कालेजात शिकस. कसं बोलू, सांग."

"विचारा तिला, नाना."

त्यांनी घसा खाकरला. "शोभा, पट्टी देनी शे."

"हे सांगणं झालं, नाना."

"शोभा, पट्टी देनी शे, बरं का?"

"हेही सांगणंच आहे."

नाना घामाघूम झाले. "भलतंच अवघड शे हे!"

शेवटी मीच फोन लावून त्यांच्या कानाला धरला. पलीकडून "कोन?" आलं आणि नाना सगळं विसरले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "शोभा... तुना मनमा काय शे, बेटा?"

शोभाताईचा आवाज आला. "येसू मी. देखीसन सांगसू."

दुसऱ्या दिवशी साहेब, सरपंच, कागदपत्रं, सगळे तळ्यावर. नानांचा पत्ता नाही. मी धावत हायवेच्या फाट्यावर गेले. जळगावची बस यायला अजून तास होता आणि नाना इस्त्रीचा सदरा घालून उन्हात उभे होते. सावलीला चला म्हटलं तर म्हणाले, "तठून बस दिसत नही."

बस आली, शोभाताई उतरली. नानांनी तिची पिशवी घेतली. वाटेत पट्टी लागली. ती बांधावर थांबली आणि पलीकडच्या वाळलेल्या तळ्याकडे पाहत राहिली.

"मी धाकली व्हती तवय आठे कमळं व्हतीत," ती म्हणाली. मग पदरानं तोंड पुसलं. "भूक लागनी, नाना. आधी घर चला. जेवसू, मंग सही करसू."

साहेब ताटकळलेत, हे मी नानांना दोनदा सांगितलं. त्यांना ऐकू आलं नसावं. पिशवी पोटाशी धरून ते घराकडे चालत होते.

"शेवभाजी करू का पिठलं?"

"काई बी करा, नाना."

नाना वाटेतच थांबले. "तसं नही. तू सांग."