बोट न लागण्याचा क्लास

आमच्या सोसायटीतली एखादी मुलगी बारावी पास झाली आणि पेढे घेऊन मेश्राम मॅडमकडे गेली, की मॅडम आधी पेढा शांतपणे संपवायच्या, हात पुसायच्या आणि मुलीच्या आईकडे वळून विचारायच्या, "हिले बसमध्ये उलटी होते काय?"

मार्क किती, पुढे काय करणार, हे सगळं नंतर. नव्याने राहायला आलेल्या आयांचे चेहरे पाहण्यासारखे होत. एका पंजाबी बाईंनी तर हा प्रश्न हिंदीत ऐकल्याबरोबर हातातला डबाच बंद केला. त्यांना वाटलं, आपल्या मिठाईत काहीतरी निघालं.

मॅडमचा हिशेब सरळ होता. जिला बस लागत नाही तिला बोट लागणार नाही, आणि जिला बोट लागणार नाही तिने जहाजावर नोकरी करायला काहीच हरकत नाही. जहाजावर म्हणजे मर्चंट नेव्हीत, ऑफिसर म्हणून, मालाची जहाजं चालवायला. हे कुठे, तर गाझियाबादेत, जिथे तुंबलेल्या नाल्यापलीकडे आम्ही कधी वाहतं पाणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा आमच्या भागात उसाच्या शेतांतून इमारती वर येत होत्या. देश खुला झाला, असं पेपरात रोज यायचं. आमच्याकडे खुलं झालं होतं ते केबलचं ऑफिस आणि कोपऱ्यावरचं कॉम्प्युटर शिकवणारं दुकान. बिल्डरच्या जाहिरातीत कारंजं होतं, प्रत्यक्षात टँकर होता. आमचे हे पहाटे कंपनीच्या बसने मानेसरला कारखान्यात जायचे आणि रात्री धूळ घेऊन परतायचे. आमच्या वरच्या मजल्यावर मेश्राम मॅडम एकट्या राहायच्या.

त्या मूळच्या भंडाऱ्याकडच्या. तरुणपणी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आल्या आणि सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाल्या. लग्न केलं नाही, का, ते कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्याला त्यांनी उलट विचारलं असतं, "काहून?" हा त्यांचा आवडता शब्द. आपण म्हणावं, मॅडम, मुलींना कसं जमेल? तर त्या म्हणणार, "काहून नाही जमणार?" आपण कारण द्यावं, तर त्या कारणालाही पुन्हा काहून. तिसऱ्या काहूनला बहुतेक माणसांची कारणं संपायची. एरवी त्या आमच्यासारखंच पुस्तकी मराठी बोलत. राग आला की हिंदी यायची आणि माया आली की भंडारा.

समुद्र मात्र त्यांनी एकदाच पाहिला होता. दिल्लीला येण्याआधी वडिलांबरोबर डिसेंबरात दादरला गेल्या होत्या तेव्हा, बाबासाहेबांना वंदन करून झाल्यावर, गर्दीत वडिलांचा हात धरून. "वडील म्हणाले, पाहून घे पोरी, एवढं पाणी, आणि कोणाच्या मालकीचं नाही," असं त्या सांगायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली यायचा, आणि मग लगेच विचारायच्या की तुमच्याकडे साखर आहे का.

माझ्या लेकीवर, मुक्तावर, त्यांची नजर पडली ती बारावीत असताना. मुक्ताचा जन्म इथलाच. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. जिन्यात गाठून मॅडमने तिला विचारलं, "काय गं, तुला बोट लागते का?"

मुक्ताने आपला हात पुढे केला आणि म्हणाली, "कधी कधी दरवाज्यात लागतं, मॅडम. पण इतकं नाही."

मॅडम तिच्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग जिन्यातच खाली बसून हसल्या. "अगं, ते बोट नाही! ती बोट! ती!" दिल्लीच्या पोरींना ती आणि ते यांतला फरक राहिला नाही, असं मला घरी येऊन ऐकवून गेल्या, जसं काही मीच तो हरवला होता. पण त्या दिवसापासून मुक्ता त्यांची झाली. ती त्यांना 'मॅडममावशी' म्हणायला लागली.

दर रविवारी सकाळी मॅडमचा क्लास असे. फी नाही, फळा नाही. सोसायटीतल्या तीन-चार मुलींना घेऊन त्या रोडवेजच्या बसमध्ये चढत, सगळ्यात मागच्या सीटवर बसत, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर मुलींना मोठ्याने पेपर वाचायला लावत. वाचता वाचता जिचा रंग उतरला तिला लिंबू. उलटी झालीच तर मॅडम पिशवी पुढे करत आणि म्हणत, "होऊ दे. झाल्यावर पुढची ओळ वाच." कंडक्टर ओळखीचा झाला होता. "आ गईं मैडम की नौसेना," असं म्हणून तो मागच्या सीटवरच्या माणसांना स्वतःच उठवायचा.

हे हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसतही होतो. पण क्लासबाहेरचं त्यांचं काम हसण्यासारखं नव्हतं. मुलींना घेणारं मर्चंट नेव्हीचं कॉलेज कुठलं, तिथे मुलींचं हॉस्टेल आहे की नुसतं 'होणार आहे', वर्ष संपल्यावर जहाजावर घेणारी कंपनी कुठली, हे त्या फोन करकरून काढत. कॉलेजं मुलींना घेऊ लागली होती, कंपन्या मात्र घेत नव्हत्या. मुक्ताने कॉलेज पुरं केलं, चांगल्या नंबराने केलं, आणि घरी बसली. एकामागून एक कंपनी नाही म्हणत होती. मॅडम माझ्याच फोनवरून लढत, कारण त्यांच्या मते माझ्या फोनचा आवाज चांगला होता. एकदा पलीकडचे मॅनेजर म्हणाले, जहाजावर लेडीजसाठी वेगळं बाथरूम नाही.

मॅडमची हिंदी सुरू झाली. "अच्छा. आपके घर में कितने बाथरूम हैं?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"एक? तो आपकी मिसेस कहाँ जाती हैं?"

मी दाराची कडी लावून आले, शेजारी ऐकतील म्हणून. मग मॅनेजर हसल्याचं मलाही ऐकू आलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, दाराला आतून कडी हवी, तेवढं बघा. बाकी आमची पोरगी बघेल. महिन्याभरात मुक्ताला त्या कंपनीत ट्रेनी म्हणून बोलावणं आलं.

आमच्या घरात मात्र सुतकी वातावरण. ह्यांचं म्हणणं, एका माणसाने गाडीत बसून आयुष्य घालवलं तेवढं पुरे. नाशिकहून नणंदेने फोनवर विचारलं, लग्न कोण करणार हिच्याशी? माझी काळजी त्याहून साधी होती: वीस-बावीस पुरुषांत माझी एकटी पोर, आणि मी तिच्या हाकेच्या टप्प्यात नाही. मी हे मॅडमना बोलून दाखवलं. वाटलं, आता काहून येणार. पण त्या माझ्या मेथीची पानं निवडायला लागल्या.

मुक्ता गेली. जाताना मॅडमने तिला लिंबाचं लोणचं आणि आतून लावायची एक पितळी कडी दिली, स्क्रूसकट. "त्यांनी बसवली असेल तर ही परत आण," म्हणाल्या.

त्यानंतर रविवारच्या सकाळी मॅडमचा क्लास लवकर सुटू लागला. दहाच्या आत त्या आमच्याकडे हजर. तुमचा चहा बरा असतो, म्हणायच्या आणि चहा समोर निवत ठेवून फोनकडे बघत बसायच्या. जहाज बंदराला लागलं तरच मुक्ताला फोन करता यायचा, आणि बंदर कधी लागेल ते आम्हाला कळायचं नाही.

पहिला फोन आला तेव्हा मुक्ता रडत होती. बोट लागली होती. रोडवेजची बस काही कामाला आली नव्हती. पण खरं दुःख ते नव्हतं. जेवायच्या टेबलावर ती आली की सगळे गप्प होत. वाईट कोणी वागत नव्हतं, पण बोलतही कोणी नव्हतं. एका म्हाताऱ्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, तिच्यासमोर देवाला नारळ फोडला होता, बाई जहाजावर आली, अपशकुन टळावा म्हणून. "आई, मला नाही राहायचं यार," ती म्हणाली. "मी पुढच्या पोर्टला उतरते. येऊ का?"

ये म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. पण दुसरं मन म्हणालं, एवढं करून पोर परत आली तर पुन्हा तिला कोण घेईल? मी रिसीव्हर मॅडमच्या हातात दिला. म्हटलं, आता ह्या तिला दोन गोष्टी सुनावतील, हिंमत देतील, बरं होईल.

मॅडमने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ये."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले.

"ये माय. कोणी काही म्हणत नाही. मी स्टेशनवर येतो तुले घ्यायले. कोणत्याही गाडीनं ये, कवाही ये." आणि फोन कट होईपर्यंत त्या हेच म्हणत राहिल्या, ये, ये.

मला संताप आला. इतकी वर्षं लोकांच्या पोरींना बसमध्ये हिंदकळवणारी बाई, आणि ऐन वेळेला ये म्हणते! मी तसं बोलूनही दाखवलं, जरा मोठ्यानेच. निवलेला चहा पिऊन त्या निघून गेल्या. तो आठवडा आम्ही जिन्यात एकमेकींना ओलांडून गेलो.

पुढच्या बंदराहून फोन आला तो भलत्याच वारी. आवाज मोकळा होता. उतरली नव्हती ती. बोसनशी भांडण झालं होतं आणि भांडता भांडता तो मालवणचा निघाला. आता तो तिला मराठीत शिव्या देत होता आणि दोऱ्यांच्या गाठी शिकवत होता. जेवताना टेबलावर निदान दोघं बोलत होते. "सध्या राहते, आई," ती म्हणाली. "आणि मॅडममावशीला सांग, त्यांनी ये म्हटलं ना, त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले."

मी तशीच वर गेले. मॅडमचं दार उघडं होतं. बाल्कनीत एक गादी उन्हात टाकलेली, शेजारी नवी उशी.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"मुक्ताची. येईल असं वाटलं होतं. तुमच्याकडे पाहुणे-रावळे, नणंद बोलणारी. म्हटलं, पंधरा दिवस माझ्याकडे राहील."

मी फोनचं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या आणि एका हाताने गादी थोपटत होत्या, अजून ती ऊन खाते आहे की नाही हे पाहावं तशा.

"म्हणजे ती राहणार हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही जी." त्या खुर्चीवर बसल्या. "मी दिल्लीत आली तेव्हा गावातली पहिली पोट्टी नोकरीले बाहेर पडलेली. करोलबागेत एका खोलीत चौघी. पहिल्या थंडीत तापानं पडली. बूथवर जाऊन ट्रंककॉल लावला. बाबांले म्हटलं, मी येतो. बाबा म्हणाले, हिंमत धर, सारं गाव तुझ्याकडे पाहून राहिलं, परत यायचं नाव काढू नको." त्यांनी नवी उशी मांडीवर घेतली. "बरोबरच होतं त्याचं. मी राहिली. साहेब झाली. पण कदमबाई, बाबानं 'ये' म्हटलं असतं ना, तर मी खुशीनं राहिली असती. म्हटलं नाही, म्हणून राहिली. मग दिवाळीले जायलेही कसंतरी व्हायचं. जाणं कमी झालं. मग बाबा गेला."

त्या उठल्या आणि पुन्हा गादी थोपटायला लागल्या. मी गादीची दुसरी बाजू धरली, दोघींनी मिळून ती उलटी केली. खाली चला, चहा करते, एवढंच म्हणाले.

चहा झाला. नाशिकची नणंद, टँकरवाला, सगळं बोलून झालं. मॅडम उठल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "येते मग."

"या," मी म्हटलं. जाणाऱ्या माणसाला आपण सगळेच म्हणतो. म्हणायचं असतं म्हणून म्हणतो.

मॅडम पहिल्या पायरीवर थांबल्या. वळल्या. आणि मला विचारलं, "कधी?"

मी दार धरून उभी होते. "संध्याकाळी," म्हटलं. "जेवायलाच या. रोजच या."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कठड्याला धरून सावकाश वर गेल्या.