बर्फखान्याचे हत्तिणीच्या ज्वराची हकीकत

शके अठराशें एकोणऐंशी, हेमलंबी नाम संवत्सरे, कार्तिक वद्य पक्षीं कसबे पनवेल येथें बंदराचे वाटेवरील बर्फखान्यांत जो लोहसंग्राम जाहला आणि ज्यांत थोरांची अब्रू तव्यावर चढली, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली आहे. तिखटमीठ लाविलेलें नाहीं. कारखान्यांत मिठाचीं पोतीं छपरास टेकलीं असतां लाविलेलें नाहीं, ही आमची सचोटी वाचणारांनीं ध्यानीं घ्यावी.

दौलतीचे धनी राजश्री काशिराम शेट. दौलत म्हणजे पत्र्याचें एक छप्पर, खाऱ्या पाण्याचा एक हौद आणि हत्तीण. हत्तीण म्हणजे विजेची मोटर, चाळीस घोड्यांचे बळाची, महायुद्धापूर्वीं विलायतेहून तारवांत बसून आलेली आणि दगडी चौथऱ्यावर स्थानापन्न जाहलेली. तिणें दम धरिला म्हणजे हौदांत बर्फ जमावें आणि तिणें दम सोडिला म्हणजे उरणपावेतों तमाम मासळीनें मुलखास नाक धरावयास लावावें, ऐसा तिचा दरारा.

तिचे माहूत खासे बुधाजी, गव्हाणचे राहणार, फिटरांचे सरदार. सत्तावीस वर्षें त्यांणीं हत्तिणीची चाकरी केली आणि दुसऱ्या कोणास तेलाची बुधली तिचेजवळ नेऊं दिली नाहीं. पान्याचें एक टोक तिचे अंगास आणि दुसरें आपले कानास लावून तिचे पोटांत काय चाललें आहे तें ते सांगत, आणि बहुतकरून तें खरें निघे. घरीं बायकोचें पोट दुखलें तर मात्र वैद्यास बोलवीत.

ऐशी सुखाची दौलत असतां मागले सालापासून हत्तिणीस ज्वर येऊं लागला. माघांत तिचे पोटांतील तांब्याचें वाइंडिंग जळालें, आणि मुंबईहून वाइंडर मंडळी पाचारण केली, आणि त्यांणीं जुनें तांबें उपसून नवें भरिलें, आणि मग वैशाखांत तें जळालें, आणि पुन्हां भरिलें, आणि मग कार्तिकांत तेंही जळालें आणि धूर बंदरावरून दिसला. बुधाजींणीं तिन्ही वेळां वाइंडरांचे सात पिढ्यांचा उद्धार केला. तांबें नादान, हात नादान, मुंबई नादान, ऐसा त्यांचा सिद्धांत होता आणि तो ते चहाचे प्रत्येक कपासोबत मांडीत.

बर्फ बंद पडतांच बुधाजींची धाकटी बहीण रंभाबाई, बंदरावरील मासळीबाजाराची मुखत्यार, पांच बायकांची फौज घेऊन कारखान्याचे दारीं येऊन ठाकली. कंबरेस पदर खोचलेला आणि डोईवर रिकामी पाटी, त्यावरून मसलत तहाची नव्हे हें पहारेकऱ्यानें ओळखिलें आणि तो जेवावयास निघून गेला. मग बाई बोलली तें असें:

"दादा, बरफ नाय तर मावरं काय माज्या पदराखाली झाकू? तुमी बसा मोटरीला कुरवाळत, आमी बसतो माशा वारीत."

बुधाजींणीं खालीं पाहिलें. हौदावर शत्रू आला असता तर त्यांणीं घणानें पिटाळिला असता, परंतु सख्ख्या बहिणीपुढें घण चालत नाहीं. हें शेटजींणीं गादीवरून ऐकिलें आणि त्यांचा संताप अनावर जाहला आणि त्यांणीं जाहीर हुकूम सोडिला कीं, शनिवारीं दोनप्रहरीं मुंबईचे भंगारवाल्याचा ट्रक येणार. तोंवर ज्वराचें कारण सांपडलें तर ठीक, न सांपडलें तर हत्तीण भंगारांत आणि बुधाजी गव्हाणास, दोघेंही कायमचीं. तो दिवस गुरुवार होता.

त्या रात्रीं बुधाजींस अन्न गोड लागलें नाहीं. नोकरीचें दुःख होतेंच. परंतु हत्तिणीचे तुकडे घणानें करितील आणि ते ट्रकांत फेंकितील, हें त्यांचे मनांत येई आणि घास तोंडीं फिरे. मग मनाशीं बहुत झुंजून त्यांणीं गर्शोम यांजकडे निरोप धाडिला.

राजश्री गर्शोम हे पनवेलचेच इस्राएली. कोवळे वयांत बुधाजींचे हाताखालीं पाना धरावयास शिकले आणि मग मुंबईस एका गिरणींत विजेचे कारभारी जाहले, आणि आतां पस्तिशींत कपाळ मागें सरून चष्मा पुढें आलेला. ते रजेवर घरीं आले होते. शिष्यास मदत मागणें म्हणजे सरदारानें आपलाच भाला उसना मागण्यासारखें, आणि बुधाजींस तें फार लागलें. परंतु गरजवंतास अक्कल नसते म्हणतात. येथें गरजवंतास मान राहिला नाहीं इतकेंच.

शुक्रवारीं सकाळींच गर्शोम दाखल जाहले. हत्तिणीचें जळकें तांबें उपसून झालें होतें आणि नुसता लोखंडी गाभा उघडा होता, विहिरीसारखा पोकळ आणि आंतून दातेरी. गर्शोमांणीं तीन वेळां जळालेल्या तांब्याचे अवशेष मागविले आणि उलटेसुलटे करून पाहिले आणि मग अदबीनें अर्ज केला कीं, काका, वाइंडर तीन वेळां चुकतील हें मान्य, परंतु तीन वेळां एकाच जागीं कसे चुकतील? दोष तांब्यांत नसून गाभ्यांत आहे.

बुधाजी खवळले. लोखंडास कसला आजार, तें काय माणूस आहे कीं त्यास वारा बाधावा, ऐसें त्यांणीं फर्माविलें. गर्शोम उत्तर करिते जाहले कीं, हा गाभा एकसंध लोखंड नव्हे. कागदासारख्या हजार पत्र्यांची ही चळत आहे आणि पत्र्यापत्र्यामध्यें वार्निश आहे. पापड एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मधें पीठ भुरभुरतात, तैसें. जेथें पीठ गेलें तेथें पापड चिकटले, आणि जेथें वार्निश गेलें तेथें पत्रे चिकटले, आणि मग वीज त्या जागीं आंतल्या आंत गरगर फिरते आणि लोखंड तापतें आणि शेजारचें तांबें जाळितें. रंभाबाई दारांत बसून हें ऐकत होती. तिला पापडाची गोष्ट पटली आणि तिणें मान हलविली. बुधाजींस पटली नाहीं; परंतु शनिवार उद्यांवर आला होता, सबब त्यांणीं वेढ्यास परवानगी दिली.

वेढा ऐसा: जाड तारेचे वेढे गाभ्याचे पोकळींतून आंत आणि बाहेरून वर, बाजेस सुंभ गुंडाळावा तैसे गुंडाळावयाचे आणि त्यांत वीज सोडावयाची. मग गाभ्यांत लोहचुंबकाचा जोर फिरूं लागतो, आणि निरोगी लोखंड कोमट होतें, आणि जेथें पत्रे चिकटले तेथें चटका बसतो. परंतु चटका नेमका कोणत्या दांत्यास, हें टिपण्यास साधन पाहिजे. गर्शोमांणीं मेणाची तजवीज सांगितली: दर दांत्यावर मेणाचा थेंब ठेवावा, शत्रू असेल तेथें थेंब वितळेल.

मेण गर्शोमांचे घरीं होतें. लीयाबाई, त्यांची कुटुंबिणी, हिणें सायंकाळच्या शब्बाथकरितां, म्हणजे यहुदी लोकांचे शनिवारचे विसाव्याकरितां, मेणबत्त्या आणून ठेविल्या होत्या. तिणें चार दिल्या आणि दोन राखिल्या आणि सांगून पाठविलें कीं, सूर्य बुडण्याआधीं नवरा अंघोळ करून घरांत हजर पाहिजे. त्यानंतर शनिवारचा दिवस बुडेपावेतों तो तारेस हात लावणार नाहीं, मग हत्तीण जळो कीं कारखाना. हा हुकूम काशिराम शेटजींचे हुकुमाहून कडक होता आणि त्यावर अपील नव्हतें.

मेण लावितां लावितां दोनप्रहर टळली. मग तारा गुंडाळिल्या, आणि वीज सोडिली, आणि फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज घातला, तोही धारातीर्थीं पडला. तारेचे वेढे वाढविले आणि मग तिसरा टिकला आणि गाभा गुणगुणूं लागला. बुधाजी चष्मा चढवून पुढें बसले. त्यांचे मनांत एकच इच्छा होती कीं, एकही थेंब वितळूं नये, म्हणजे वाइंडरांस शिव्या देण्यास सत्तावीस वर्षांची जीभ मोकळी. आणि लागलीच ध्यानीं आलें कीं, थेंब न वितळला तर उद्यां ट्रक आहे. मग वितळावा, ऐसें वाटूं लागलें. माणसाचे मनाची ऐशी फजिती मोठमोठ्या लढायांतही होते, परंतु बखरकार ती लिहीत नाहींत.

घटका गेली. उन्हें दाराशीं तिरपीं जाहलीं आणि गर्शोम सूर्याकडे पाहूं लागले आणि रंभाबाई भावाकडे पाहूं लागली. आणि मग दाराकडील अंगास पांच दाते ओळीनें होते, तेथील थेंब चकाकले आणि खचले आणि ओघळून खालीं आले. अठ्ठेचाळीस दांत्यांतील बाकी त्रेचाळीस दांत्यांवरचे थेंब जागचे हलले नाहींत. शत्रू सांपडला. गर्शोमांणीं वीज बंद करविली आणि आनंदानें काकांचे पाय धरावयास वांकले, तों काका जागेवर नव्हते.

ते त्या पांच दांत्यांवर भिंग धरून वांकले होते. दांत्यांवर बारीक चकचकीत ओरखडे होते, एका दिशेचे, एका हाताचे. तो हात कोणाचा हें बुधाजींस भिंगावांचूनही कळलें. मागले सालीं खंडेनवमीस हत्तीण साफसफाईकरितां उघडली होती आणि तिचा गाभा काळामिट्ट दिसत होता. शस्त्रांची पूजा आणि सर्वांत मोठें शस्त्र काळें, हें बरें दिसत नाहीं, म्हणून त्यांणीं कानस घेतली आणि दारांतून येणारास जो भाग दिसतो तो सबंध दोनप्रहर घासून आरशासारखा लखलखीत केला, आणि मग त्यावर हळद कुंकू वाहिलें. त्या कानशीनें लोखंड पसरलें आणि पत्रे एकमेकांवर सारवले गेले. एक वर्ष ज्या गनिमास ते मुंबईंत धुंडीत होते तो त्यांचेच मुठींत होता.

गर्शोमांणीं ओरखडे पाहिले आणि गुरूचा चेहरा पाहिला आणि सर्व उमजलें. इतक्यांत काशिराम शेटजींची स्वारी आंत आली आणि विचारती जाहली कीं दोष सांपडला काय. गर्शोम घाईनें बोलिले कीं सांपडला, यंत्र जुनें आहे, वार्निश म्हातारें जाहलें, वयाचा दोष आहे. ऐसें बोलून त्यांणीं काकांकडे पाहिलेंच नाहीं. तह बिनबोभाट जाहला होता. काकांणीं गप्प राहावें इतकेंच कलम होतें.

बुधाजी गप्प राहिले नाहींत. डोळ्यांस पाणी आलें तें त्यांणीं तेलकट फडक्यानें पुसलें आणि शेटजींपुढें उभे राहिले.

"शेट, वार्निश म्हातारं नाय झालं. खंडेनवमीला मीच कानस मारली हितं, देवाला चकचकीत दिसावं म्हून. तीनदा जाळली ती मीच. त्या मुंबईच्या पोरांना उगा शिव्या दिल्या."

रंभाबाईनें उठून भावाचे पाठीवर हात ठेविला, आणि तिचे तोंडून शब्द निघाला नाहीं, हें पनवेलचे इतिहासांत प्रथमच घडलें. शेटजींणीं गाभा पाहिला आणि बुधाजींस पाहिलें आणि बराच वेळ छपराकडे पाहिलें. मग हत्तीण दुरुस्त होईल काय इतकेंच विचारिलें. गर्शोमांणीं सांगितलें कीं, बुधाजीकाकांसारखा हात असेल तर होईल: पातळ पात्यानें पत्रा पत्र्यापासून सोडवावा, मधें अभ्रकाची चकती सरकवावी, वार्निश पाजावें. तें सोमवारपासून चार दिवसांत काकांणीं केलें, आणि पुन्हां मेणाचे थेंब लाविले, आणि एकही वितळला नाहीं, आणि वाइंडर येऊन तांबें भरून गेले, आणि त्यांस या खेपेस बुधाजींणीं स्वहस्तें चहा दिला. भंगाराचा ट्रक शनिवारींच रिकामा परत गेला होता.

परंतु शुक्रवारचें लिहिणें राहिलें. यंत्राचे वहींत दोषाची नोंद त्याच दिवशीं करावी ऐसा कारखान्याचा शिरस्ता. बुधाजींस अक्षर येत नव्हतें, आणि सूर्य बुडावयास थोडाच अवकाश होता, आणि लीयाबाईचे दोन निरोप येऊन गेले होते, तरी गर्शोम लिहावयास बसले आणि बुधाजींणीं सांगितलें तें लिहिलें: "गाभ्याचे पांच दांत्यांस कानस मारिली, ती बुधाजी गव्हाणकर यानें. पुन्हां कोणीं मारूं नये." मग बुधाजींणीं खालीं अंगठा उठविला.

गर्शोम सायकलीवर बसून घराकडे पळाले आणि मग शेटजींणीं वही ओढून घेतली. नोंद दोन वेळां वाचिली. नंतर टांक शाईंत बुडवून त्या अंगठ्याखालीं स्वहस्तें दुसरी ओळ लिहिली, ती आजही तेथें आहे:

"लखलखाट पाहून शाबासकीचें उपरणें दिलें, तें आम्हीं. काशिराम."